अपुरा पत्ता

ईशान, परवा व्हिडिओ कॉलवर तू माझ्या मागच्या कपाटावरचे बुटांचे तीन खोके पाहिलेस आणि विचारलंस, "आजी, एवढे बूट कुणाचे?" त्यात फोटो आहेत, पक्ष्यांचे, असं मी सांगितलं. त्यावर तू म्हणालास की सगळे स्कॅन करून पाठव, हल्ली फोटो दाखवला की पक्ष्याचं नाव कळतं, एका संध्याकाळी सगळे नावांप्रमाणे लावून देतो. मीराही मागून म्हणाली, "करू दे ना त्याला." मी नको म्हणाले, आणि जरा तुटकच म्हणाले. 

त्या तुटकपणाचं कारण फोनवर सांगण्याजोगं नव्हतं. हल्ली फोनवर फार वेळ बोललं की मला दमायला होतं. म्हणून लिहिते आहे. तुमची आई वाचून दाखवेल.

ते फोटो तावडे आजोबांचे आहेत. तुम्ही लहानपणी एकदाच मुलुंडला आलात तेव्हा त्यांना पाहिलं होतंत. मीरा, तू त्यांच्या तांदळाच्या पिशवीवर बसायला निघाली होतीस आणि ते घाबरले होते. तू पडशील म्हणून नव्हे. त्या पिशवीवर कॅमेरा ठेवलेला होता.

आमच्या जुन्या बिल्डिंगला तीन मजले होते, लिफ्ट नव्हती. दुसऱ्या मजल्यावर आमचं आणि तावड्यांचं दार समोरासमोर. दोघांच्याही गॅलऱ्या मागच्या बाजूला, जिथे कंपाउंडच्या भिंतीलगत एक जुना उंबर होता, एक शेवगा होता आणि पाण्याचा पंप होता. भिंतीपलीकडच्या प्लॉटवर जांभळाची दोन झाडं. त्यातल्या एकाची फांदी भिंतीवरून आमच्याकडे आलेली. एवढंच तावड्यांचं जंगल.

ते टपाल खात्यात सॉर्टर होते. सॉर्टर म्हणजे आलेली पत्रं गावागावाप्रमाणे खणांत लावणारा माणूस. त्यांचे वडील मालवणकडून गिरणीत कामाला आले, हे मात्र खात्यात लागले आणि उभं आयुष्य त्या खणांपुढे उभं राहून काढलं. निवृत्तीच्या दिवशी बरोबरच्या लोकांनी मिळून त्यांना एक कॅमेरा दिला. तोवर त्यांनी कधी कॅमेरा हातात धरला नव्हता. लोकांना वाटलं, नातवंडांचे फोटो काढतील. त्यांना मूलबाळ नव्हतं, हे देणाऱ्यांच्या लक्षात आलं नसावं.

सकाळी साडेसहाला ते गॅलरीत स्टुलावर बसत. अंगात रोज तोच नोकरीतला जुना खाकी शर्ट. कोपरावर विरला होता तरी तोच. "पाखरांना हा शर्ट पाठ आहे, बाई," ते म्हणत. मी शाळेच्या लायब्ररीत होते, म्हणून सगळी बिल्डिंग मला बाई म्हणत असे. कठड्यावर तांदळाची पाच किलोची पिशवी, तिच्यात कॅमेरा दाबून बसवलेला, म्हणजे हात हलला तरी कॅमेरा हलत नाही. आतून तावडेवहिनींचा आवाज यायचा.

"अवो, च्याय निवली. पाखरां तुमका च्याय देतली काय?"

"येतंय गो."

"माझे तांदूळ तरी द्या. सत्यनारायणाक काय तुमचो फोटो शिजवू?"

एका सकाळी तीनच फोटो, हा त्यांचा नियम होता. कारण विचारलं तर म्हणत, "जास्त काढले की बघणं होत नाही." महिन्याच्या शेवटी स्टेशन रोडवरच्या स्टुडिओत जाऊन सगळ्यांच्या छोट्या प्रती काढून आणत आणि कार्ड पुसून टाकत. रोल संपला की नवा घालायचा, तसं. फोटो कुठे तरी साठवून ठेवता येतात, हे मी दोनदा सांगून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा कार्ड पुसलं.

दुसरा नियम कंपाउंडचा. भिंतीच्या आत जे येईल त्याचाच फोटो. जांभळाच्या फांदीबद्दल मी एकदा त्यांना पकडलं होतं. "झाड बाहेर आहे, तावडे."

"झाड बाहेर, फांदी आत. पाखरू फांदीवर बसलंय."

एका वर्षी डोंगराकडून बिबट्या आला आणि शेजारच्या गल्लीतल्या सोसायटीच्या कॅमेऱ्यात दिसला. आठवडाभर पोरं-बाळं, म्हातारे, सगळे मोबाइल घेऊन गच्चीवर. सेक्रेटरी तावड्यांकडे आले, "काका, तुमच्याकडे एवढा कॅमेरा आहे, चला ना." तावडे म्हणाले, "आपल्या कंपाउंडात आला काय तो?" नाही म्हटल्यावर त्यांनी पंपाच्या पाइपावर बसलेल्या खारीकडे कॅमेरा वळवला. सेक्रेटरी मला जिन्यात म्हणाले, "बाई, वाट लागली आहे यांची." मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

आणि एका मे महिन्यात माझ्या किचनच्या जाळीवरच्या जास्वंदीची दोन पानं एकमेकांना शिवलेली दिसली. शिंपी नावाचा बोटभर पक्षी पानांना टाके घालून घरटं करतो, ते घरटं. मी तावड्यांना कौतुकाने बोलावलं. त्यांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "बाई, आता तीन आठवडे ही खिडकी बंद. तुम्ही बंद आणि तुमचा कुकरपण बंद."

"मग स्वयंपाक?"

"आमच्याकडे जेवा."

मी तीन आठवडे त्यांच्याकडे जेवले. वहिनींच्या हातचं तिखट मला सोसत नसे, म्हणून त्या माझ्यापुरती वेगळी आमटी काढत. सकाळी तावडे आपल्या गॅलरीतून माझ्या जाळीचा फोटो घेत. तुमचे आजोबा गेल्यावरचा तो पहिला उन्हाळा. मी एकटी जेवले नाही याला तो शिंपी कारण झाला, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तावड्यांच्या ध्यानात होतं की नाही, कुणास ठाऊक.

एका गोष्टीचा मात्र मला त्रास व्हायचा. त्यांना पक्ष्यांची नावं येत नसत. तांबटाला ते लाल टिळ्याचा म्हणत, धनेशाला चोचवाला, दयाळाला सकाळचा. मी त्यांना पक्ष्यांचं एक चांगलं इंग्रजी पुस्तक आणून दिलं, वाचूनही दाखवलं. ते हसले. "बाई, सॉर्टिंगला उभा राहिलेला माणूस नाव वाचत नाही. नाव वाचायला गेला तर गाडी चुकेल. आधी पत्ता बघायचा. नाव पुढे पोस्टमन बघतो."

मी ते अज्ञानाचं समर्थन समजले. मी शाळेच्या लायब्ररीत उभी हयात घालवली. पुस्तक आडवं ठेवलेलं दिसलं तरी माझ्या हाताला चैन पडत नसे.

एका पावसाळ्यानंतर तावड्यांचे थोरले भाऊ गावाला आजारी पडले. दोघं दीड महिन्यासाठी गेले. किल्ली माझ्याकडे, कारण गॅलरीत पाखरांसाठी ठेवलेल्या मातीच्या परळात रोज पाणी भरायचं होतं. तिथेच शेल्फावर त्यांचे फोटो होते. कसे ठेवले होते सांगू? लग्नपत्रिकांच्या जुन्या पाकिटांत. वहिनी बिल्डिंगभरातून ती पाकिटं गोळा करत. गणपतीचं चित्र, सोनेरी वेलबुट्टी, हळदीची बोटं, कुठे तेलाचे डाग. आणि एकेका पाकिटात काय, तर तांबट, खार, गांधीलमाशांचं पोळं, पुन्हा तांबट, एक कावळा. पाकिटावर पेन्सिलीने काहीतरी बारीक लिहिलेलं असे. एकावर मी वाचलंही, "उंबर, पंपाकडची". मला त्यातून काही बोध झाला नाही.

मी दुकानातून सहा जाड अल्बम आणले. प्लॅस्टिकच्या खिशांचे. पुस्तक शेजारी ठेवून एकेक पक्षी ओळखला. प्रत्येकाचं इंग्रजी नाव, खाली मराठी नाव, आद्याक्षरांच्या क्रमाने. फोटोमागे स्टुडिओवाला तारीख टाकत असे, तीही मी छान अक्षरात खाली उतरवली. महिनाभर रोज दुपारी मी तेच केलं. खरं सांगायचं तर त्या वर्षभरात मी एरवी कधी इतकी आनंदात नव्हते. शेवटी रिकामी पाकिटं रद्दीवाल्याला दिली.

भाऊ गेले होते. दोघं थकून परत आले. वहिनी चहा टाकायला गेल्या आणि मी तावड्यांपुढे अल्बम उघडून ठेवले. त्यांनी पहिला अल्बम शेवटपर्यंत पाहिला. दुसरा अर्धा पाहिला. मग शेल्फाकडे पाहिलं.

"पाकिटं?"

"रद्दीत दिली. कसली मळकी झाली होती."

त्यांनी अल्बम मिटला. मग म्हणाले, "अक्षर छान आहे तुमचं, बाई." आणि आत जाऊन वहिनींना म्हणाले, "च्याय दी गो बाईंका, आधी."

मला वाटलं, भाऊ गेल्याच्या दुःखात आहेत. तसे ते होतेही.

त्यानंतर दोन वर्षांनी बिल्डिंग पाडून नवी बांधायचं ठरलं. पहिली सही तावड्यांची. वहिनींचे गुडघे गेले होते, दोन मजले चढताना त्या प्रत्येक वळणावर बसत. "लिफ्ट पाहिजेच," ते म्हणाले. त्यांचं एकच मागणं होतं, उंबर राहू द्या. नकाशात गाड्या वर चढवायचा रॅम्प नेमका उंबरावरून जात होता. सेक्रेटरी माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "काका, झाडं तोडण्याआधी महापालिकेत हरकती ऐकतात. या उंबरात दर वर्षी घरटी असतात असा पुरावा द्या. तिकडून सांगितलं तर रॅम्प दोन मीटर सरकवायला आर्किटेक्ट तयार आहे. नुसतं तुमच्या-आमच्या म्हणण्यावर नाही सरकवणार."

तावडे म्हणाले, "पुरावा आहे."

सुनावणीला मी त्यांच्याबरोबर गेले. सहा अल्बम रिक्षातून नेले, माझ्याच मांडीवर ठेवून. ऐकणाऱ्या अधिकारी बाई तरुण होत्या, सभ्य होत्या. त्यांनी अल्बम उघडला आणि त्यांचा चेहरा खुलला. "किती सुंदर ठेवलंय हो. हे कुणी केलं?" तावड्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला, आता लिहायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं.

मग त्यांनी तांबटाचं पान काढलं. त्या पानावर आणि पुढच्या दोन पानांवर ढोलीतून डोकं काढलेले तांबट होते, वर्षावर्षांचे. "काका, ही ढोली उंबरातली कशावरून?"

"उंबराचीच. भिंतीकडच्या फांदीची. ही पण तीच. ही वरची." त्यांचं बोट एकेका फोटोवरून जात होतं. एका फोटोवर ते थांबलं. "ही नाही. ही जांभळावरची."

बिल्डरचा माणूस शेजारी बसला होता. तो सौम्यपणे म्हणाला, "मॅडम, जांभळं मागच्या प्लॉटवर आहेत. ती कुणी तोडत नाही. यातले काही तिथले आहेत, असं काका स्वतःच सांगतात. मग बाकीचे कुठले, हे कसं ठरवायचं?"

अधिकारी बाईंनी फोटो उलटून पाहिला. तारीख होती. पानावर खाली माझ्या अक्षरात पक्ष्याचं नाव होतं, दोन भाषांत. फोटोत सालीचा तुकडा, ढोली आणि लाल टिळा. सकाळी तीनच फोटो काढणाऱ्या माणसाने जवळून काढलेला, सुरेख फोटो. साल कुठल्या झाडाची, ते मला सांगता आलं नसतं.

"काका, तुम्ही म्हणता ते खरंच असेल," त्या म्हणाल्या. "पण मला कागदावर काहीतरी पाहिजे. तेव्हा कुठे लिहून ठेवलं होतंत का, की हे या झाडावरचं?"

त्या क्षणी मला पेन्सिलीची ती अक्षरं दिसली. उंबर, पंपाकडची. मी तावड्यांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"नाही," ते म्हणाले. "लिहायचं राहिलं."

आणि मी गप्प बसले. माझ्याजवळ तोंड होतं, शिक्षण होतं, इंग्रजीत अर्ज लिहायची सवय होती. लिहिलेलं होतं आणि ते मी रद्दीत दिलं, एवढं एक वाक्य होतं. त्याने झाड वाचलं असतं असं मी म्हणत नाही. पण ते वाक्य मी उच्चारलं नाही.

बाहेर जिन्यावर मी विचारलं, "पाकिटांवर लिहिलेलं होतं ना सगळं?"

"होतं."

"एकेका फांदीचं एकेक पाकीट?"

"हां."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगून पाकिटं येतात काय परत? उगाच तुमचं नाव त्यांच्या कागदावर." मग म्हणाले, "चुकी माझीपण आहे. फोटोच्या मागे लिहायला पाहिजे होतं. पाकीट काय, कधीही बदलतं." आणि माझ्या हातातले तीन अल्बम त्यांनी घेतले, कारण मी दमले होते.

घरं रिकामी केल्यावर उंबर तोडला. तो पडताना आमच्यापैकी कुणी पाहिला नाही. तावडे भांडुपला भाड्याने गेले, अकराव्या मजल्यावर. मी मुलुंडलाच राहिले. काही दिवसांनी वहिनींचा फोन आला. त्या माझ्याशी नेहमी शुद्ध बोलायचा प्रयत्न करत. "बाई, हे कॅमेरा काढत नाहीत. तांदूळ पिशवीत तसेच आहेत. मी शिजवले तरी काही बोलणार नाहीत, त्याची मला भीती वाटते."

मी दर गुरुवारी भांडुपला जाऊ लागले. पहिल्या गुरुवारी मी स्वतःच अल्बमांतून फोटो बाहेर काढले. सहाही अल्बम रिकामे केले. वहिनींनी नव्या टॉवरमधूनही लग्नाची पाकिटं जमवली होती. अनोळखी दारं वाजवून, दुखऱ्या गुडघ्यांनी. मी एकेक फोटो तावड्यांच्या हातात द्यायची आणि तारीख वाचायची. ते फोटो डोळ्यांपासून लांब धरून पाहत.

"मे महिना? ऊन डावीकडून आलंय. म्हणजे भिंतीकडची."

"ही?"

"मागे निळं दिसतंय ना, ते पंपाचं दार. दार निळं केलं त्याच्यानंतरची. उंबर, पंपाकडची, खालची."

मी पाकिटावर लिहायची. त्यांच्या सांगण्यावरून, पेन्सिलीने आणि फक्त मराठीत. शेवगा, तुटकी फांदी. जांभूळ, आत आलेली. पंपाचा पाइप. एक पाकीट माझ्याच नावाचं निघालं, त्यावर त्यांनी लिहायला सांगितलं, "कर्णिकबाई, किचनची जाळी." त्यात शिंपी होता, दयाळ होता, एक चिमणी होती.

पक्ष्यांचं नाव त्या महिन्यांत आमच्यापैकी कुणीच उच्चारलं नाही.

एकदा मला राहवलं नाही. मी म्हणाले, "तावडे, आता हे कशासाठी? झाडच नाही."

"आलेली डाक लावायची असते, बाई. आमच्याकडे एका गावाची पत्रं यायची, धरणाखाली गेलेल्या. लावायचो. पुढे गाव आहे की नाही, ते आपण नाही बघायचं."

"आणि ज्यांचा पत्ताच लागत नाही?"

"त्यांचा वेगळा खण." त्यांनी एक मोठं पाकीट उचललं, सोनेरी कलशाचं, आणि माझ्याकडे दिलं. "लिहा. अपुरा पत्ता."

त्या पाकिटात सुरुवातीला ढीग होता. ते दर गुरुवारी तो पुन्हा पसरत, त्यातले दोन-तीन उचलत, घरी पाठवत, म्हणजे त्या त्या फांदीच्या पाकिटात घालत. शेवटी बारा उरले.

आता मी नव्या घरात आहे, नवव्या मजल्यावर. मागची खिडकी उघडली की रॅम्प दिसतो. गाडी वर चढताना आवाज येतो, मी खिडकी बंद ठेवते. तावडे इथे राहायला आले नाहीत. वहिनी आल्या, त्यांना लिफ्ट मिळाली. खोके त्यांनीच मला आणून दिले. म्हणाल्या, "तुमच्याकडे ठेवा. पण लावू नका हो." आम्ही दोघी त्यावर हसलो.

म्हणून तुला नको म्हटलं, ईशान. नाव तुझा फोन सांगेल. बरोबर सांगेल. माझ्यासारखंच.

तावड्यांना मी शेवटचं पाहिलं ते भांडुपला, एका गुरुवारी. त्यानंतर तीन आठवड्यांनी ते गेले. निघताना त्यांनी ते कलशाचं पाकीट माझ्या हातात दिलं. "हे तुमच्याकडे असू दे. मला आता नाही आठवायचं." मला लिफ्टपर्यंत सोडायला आले, खाकी शर्टात. लिफ्ट येईपर्यंत उगाच त्यांनी पाकीट परत घेतलं, त्यातला एक फोटो काढला आणि पाकीट मला दिलं. मी आत गेले. बटण दाबलं.

"थांबा, बाई," ते म्हणाले, "ही कुठली ती..."

दार मिटत होतं. दार उघडायचं बटण माझ्या बोटाजवळच होतं. मी दमले होते, खाली रिक्षा थांबवून ठेवली होती, आणि पुढच्या गुरुवारी सांगतीलच, असं मनात आलं. पुढच्या गुरुवारी मला ताप होता, त्यापुढच्या दोन्ही गुरुवारीही. पाकिटात आज अकरा फोटो आहेत. बारावा कुठला होता, मी पाहिलाच नव्हता.

दाराला चिंचोळी काच होती. तिच्यातून ते दिसले. पॅसेजमधल्या ट्यूबलाइटखाली फोटो हात लांब करून धरला होता आणि हळूहळू तिरका करत होते. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ऊन कुठून येतंय ते बघत होते.